खाणारा सोडा

आमच्या घरात नुसतं ‘सोडा’ म्हणून भागत नसे. कुठला सोडा, ते सांगावं लागे. आईच्या फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी, खायचा सोडा असे. भज्यांत चिमूटभर आणि हरभरे हट्टाला पेटले तर त्यांच्या पाण्यात. मोरीच्या कोनाड्यात धुण्याचा सोडा असे, ओलाव्यानं दगड झालेला. आणि बाबा तर सोड्याच्या कारखान्यातच होते, म्हणजे जिथं बाटलीतला फसफसणारा सोडा आणि लाल-केशरी गोड पाणी तयार होई, त्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या विभागात. शाळेत कुणी विचारलं, वडील काय करतात, की मी म्हणे सोड्याच्या कारखान्यात असतात, आणि लगेच पुढचा प्रश्न येई, कुठल्या सोड्याच्या?

आईबाबा अमरावतीकडचे. माझ्या जन्माआधीच पोटापाण्यासाठी पुण्याला आले आणि सदाशिव पेठेत एका इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहिले. आई विद्यार्थ्यांना डबे देई. पहाटे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज हा आमचा कोंबडा. मग पाट्यावर ठेचा वाटल्याचा आवाज, मग भाकऱ्या थापल्याचा, आणि तोवर खालच्या बोळातून क्लासला निघालेली मुलं मोठमोठ्यानं सूत्रं घोकत जात. दुपारी सगळं शांत झालं की आई तव्यावर स्वतःसाठी एक भाकरी टाके, ती भाजल्याचा वास मला अजूनही दुपारचाच वास वाटतो. बाबा संध्याकाळी सायकलवरून येत. त्यांच्या हातांची कातडी पाण्यात भिजून कायम पांढरट, सुरकुतलेली असे, आणि आई जेवायला वाढण्याआधी त्यांच्या तळहातांना खोबरेल चोळी.

आईची भाषा मात्र पुण्यात आली नाही. पहिल्याच वर्षी मंडईत तिनं सांबार मागितलं. भाजीवाला म्हणाला, “सांबार हॉटेलात मिळतं बाई, इथं भाजी मिळते.” आईनं कोथिंबिरीच्या जुडीकडे बोट दाखवलं. “हे काय आहे मंग?” “ही कोथिंबीर.” “आमच्याकडे ह्यालेच सांबार म्हन्तेत.” “मग तुमच्याकडूनच आणायचं.” ही गोष्ट आई पुढे कितीदा तरी हसून सांगे, पण त्या दिवशी ती घरी येऊन रडली होती म्हणे. तिनं तोडगा काढला तो असा की मंडईत कोथिंबीर, घरात सांबार.

आईच्या डब्यांतला एक डबा गद्रेबाईंकडे जाई आणि तो पोचवायचं काम माझं होतं. दोन गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावर बाई एकट्या राहत. दारावर पाटी होती: ‘जर्मन शिकवले जाते. शिकायचे असेल तरच बेल वाजवावी.’ बाई तरुणपणी जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आल्या होत्या, मग एका रंगांच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि आता कारखान्यांसाठी जर्मन कागदांची इंग्रजी भाषांतरं करत. जर्मन यंत्रं पुण्यात पुष्कळ येत, पण त्यांची भाषा जाणणारी माणसं मोजकी. बाई उंच, सडपातळ, बोलायला तुटक. डबा पहिल्यांदा परत आला तेव्हा त्यात चिठ्ठी होती: ‘आमटी उत्तम. तिखटाचा पुनर्विचार व्हावा.’ आईनं पुनर्विचार केला नाही. बाईंनी डबा बंद केला नाही.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, शास्त्र शाखेला होते. एके दिवशी डबा ठेवून निघाले तर बाईंनी हाक मारली. “अहो, तुम्हाला इंग्रजी अक्षरं येतात ना? हे वाचा.” मला तोवर आयुष्यात कुणी अहो म्हटलं नव्हतं. मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय की काय. बाईंच्या हातात जाड छपाईचा कागद होता. मी म्हटलं, “मला जर्मन येत नाही.” “येतं का असं विचारलं नाही. अक्षरं येतात का असं विचारलं.” त्यांना काचबिंदू झाला होता. नजर कडेकडेनं आवळत चालली होती, नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसे, आणि तेही हळूहळू धूसर होत होतं. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. हे मला बाईंनी सांगितलं ते बसचा मार्ग बदललाय असं सांगावं तितक्या कोरड्या आवाजात.

मग मी रोज दुपारी वाचायला जाऊ लागले. मी जर्मन अक्षरं लावून मोठ्यानं वाची, बाई डोळे मिटून ऐकत, आणि मग इंग्रजी वाक्य सांगत, ते मी लिहून घेई. समजत काहीच नसे. एकेक शब्द आगगाडीएवढा लांब. मी मध्येच अडखळले की बाई म्हणत, “घाबरू नका, मोडा. लांब शब्द हे छोटे शब्द हातात हात घालून उभे असतात.” असं मोडता मोडताच मला जर्मन येऊ लागलं. ऑक्सिजनला ते ‘झाउअरश्टोफ’ म्हणतात, म्हणजे आंबट द्रव्य. “आपण प्राणवायू म्हणतो आणि ते आंबट का म्हणतात?” “कारण एके काळी शास्त्रज्ञांना वाटलं, प्रत्येक आम्लात तो असतोच. पुढे ते चूक निघालं. नाव राहिलं. आडनावांचं नाही का तसं? सगळे कुलकर्णी कुठे हिशेब लिहितात.” सोडियमची खूण एनए का, हे मी कॉलेजात विचारलं होतं तेव्हा सर म्हणाले होते, पाठ करा. बाईंनी सांगितलं, ‘नाट्रोन’वरून. नाट्रोन हा मिसरमधल्या कोरड्या तळ्यांतला खार. तिथले लोक राजांची प्रेतं त्यात मुरवत. शब्द तिथून अरबांकडे गेला, अरबांकडून स्पेनमध्ये, तिथून जर्मनीत, आणि शेवटी सदाशिव पेठेत माझ्या वहीत. मी त्या दिवशी घरी जाताना हवेत चालत होते.

आता धायरीच्या या फ्लॅटमध्ये माझी नात मोबाइल कागदावर धरते आणि क्षणात सगळं पान इंग्रजीत उमटतं. “आजी, तुझा पूर्ण जॉब या ॲपनं खाल्ला ना गं!” असं म्हणते आणि मला मिठी मारते. खाल्ला असेल. माझं आयुष्य जर्मन कागदांत गेलं, त्यावर माझं घर उभं राहिलं, मुलांची शिक्षणं झाली. मला तक्रार नाही. पण मोबाइल शब्दाला अर्थ देतो तेव्हा तो शब्द कुठून चालत आला, ते सांगायला थांबत नाही. बाई थांबत. त्या थांबण्याचे उपकार केवढे, ते मला कॉलेजच्या त्या पहिल्याच वर्षी कळलं.

बाबांच्या कारखान्याच्या मालकांनी जर्मनीहून बाटल्या धुण्याचं एक वापरलेलं यंत्र मागवलं. तोवर बाटल्या हातानं, ब्रशनं आणि धुण्याच्या सोड्यानं धुतल्या जात. यंत्र आलं, पण बरोबरची माहितीपुस्तिका सगळी जर्मनमध्ये. मालक कुणी जाणकार शोधत होते, तेव्हा बाबा पुढे झाले. “माह्या पोरीच्या बाई हायेत नं!” हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की जणू बाईंना जर्मन त्यांनीच शिकवलं. आठवड्याभरात ती पुस्तिका बाईंच्या टेबलावर आली.

वाचता वाचता मी धुण्याच्या द्रावणाच्या परिच्छेदाशी आले आणि ‘नाट्रोन’ वाचून पुढे सरकले. बाईंनी हात वर केला. “त्याच्या आधी काही आहे. गिळलंत.” होतं खरं. एक टिंबवाला ए, मग टी, झेड. “एट्स. एट्सनाट्रोन,” मी वाचलं. “मला वाटलं, नाट्रोन म्हणजे सोडा. कळलं की.” बाई खुर्चीत सरळ बसल्या. “जर्मन बाई केकमध्ये घालते तो नाट्रोन, आपला खायचा सोडा. हा तो नव्हे. मराठीत सांगा, पडणे, पाडणे. पुढे?”

“मरणे, मारणे.”

“चरणे?”

“चारणे.”

“शाबास. गाय चरते, आपण गाईला चारतो. आतला एक स्वर बदलला की करणारा बदलला. जर्मनमध्ये तसंच आहे. फालन म्हणजे पडणे, फेलन म्हणजे पाडणे. आता एसन म्हणजे खाणे. एट्सन म्हणजे?”

“खायला घालणे,” मी म्हटलं.

“जुना अर्थ तोच. गुरं चरायला सोडणं. पक्षीण पिलाला भरवते, त्यालाही याच घरातला शब्द आहे. मग कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यावर आम्ल सोडलं आणि त्याला तांबं चारलं, नक्षी उठवायला. तिथून तो शब्द रसायनांत आला. इंग्रज याला जाळणारा म्हणतो, कॉस्टिक. जर्मन म्हणतो, चरायला सोडलेला. आता हा काय चरतो?”

“बाटलीतली घाण.”

“आणि बाटली धुणाऱ्याचा हात,” बाई म्हणाल्या. “त्याला दोन्ही सारखंच.”

मला बाबांचे ते पांढरट, सुरकुतलेले हात आठवले. मी विचारलं, “बाई, हे भाषांतर तर इंग्रजीत जाणार. ऑफिसात राहणार. बाबांना इंग्रजी कुठे येतं?” बाई म्हणाल्या, “तुमचे वडील मराठी वाचतात?” “सावकाश. सिनेमाची पोस्टरं, देवळातल्या पाट्या.” “मग पाटी लिहू.”

पहिला मसुदा मी केला. ‘दाहक पदार्थ, सावधान.’ बाई म्हणाल्या, “दाहक शब्द कोशात सापडेपर्यंत हात जाईल.” त्या संध्याकाळी जेवताना मी बाबांना सगळं समजावून सांगितलं, चरणे, चारणे, पिलाला भरवणारी पक्षीण, तांब्याचा पत्रा. त्यांनी घास हातातच धरून ऐकलं. “म्हंजे पानातला चुना जास्त झाला का जीभ खाते, तसा?” “तसा, पण कितीतरी पट.” “बाप्पा! अन् आमी त्याले सोडाच म्हनून राहिलो. चरायले सोडलेला सोडा!” ते हसले. आई हसली नाही. तिनं विचारलं, “अंगावर पडला तं काय कराचं?” मी दुसऱ्या दिवशी बाईंना तेच विचारलं. “पाणी,” बाई म्हणाल्या. “तो खात असतो तोवर पाणी. त्यावर तूप चोळायचं नाही, लिंबू पिळायचं नाही. खाणाऱ्याला उठवून हाकलायचं, त्याच्याशी भांडत बसायचं नाही.”

शेवटी पाटी झाली ती अशी: ‘हा सोडा खायचा नाही. हा स्वतः खातो. अंगावर उडाल्यास पाणी ओतावे. खाणे थांबेपर्यंत पाणीच ओतावे. तूप, तेल व लिंबू स्वयंपाकासाठी आहेत.’ भाषांतर न्यायला आलेल्या मालकांनी ती वाचून डोकं खाजवलं. “बाई, जरा शिष्ट भाषेत नाही का लिहिता येणार?” बाई म्हणाल्या, “हात कुणाचे जाणार आहेत? शिष्टांचे असतील तर लिहिते.” मालक भले गृहस्थ, त्यांनी ती पाटी पत्र्यावर रंगवून यंत्राजवळ लावली. तिथले फिटर रशीदभाई, पिढ्यान्‌पिढ्या गंज पेठेत राहणारे, बाबांचे जिवलग दोस्त, ते रोज कामावर आले की पाटीला सलाम ठोकत आणि म्हणत, “काय साहेब, आज कुणाला खाणार?”

यंत्र नीट चालू लागलं. आणि मग एका सकाळी कॉलेजमध्ये वर्गाच्या दारात शिपाई माझं नाव घेऊन उभा राहिला. बाबांच्या डोळ्यात काहीतरी उडालं होतं, त्यांना दवाखान्यात नेलं होतं. मी तिथं कशी पोचले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ओसरीत आई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या हातांचं पीठ तसंच वाळलेलं होतं, आणि रशीदभाई नखशिखांत भिजून उभे होते.

त्यांनीच सांगितलं. टाकीत गार पाणी भरून त्यात तो सोडा थोडा थोडा सोडायचा, असं पुस्तिकेत होतं आणि बाबा तसंच करत. पण त्या दिवशी टाकीतलं पाणी आधीच्या पाळीचं, गरम राहिलेलं होतं. वरून शांत दिसत होतं. बाबांनी पहिलं मापटं सोडलं आणि टाकी उसळली. “तुझा बाप हात पुढे करून ओरडत होता, पाणी, पाणी! एक जण लिंबू कापून आला. कँटीनवाला तुपाची वाटी घेऊन धावला. मी बोललो, भाऊ, लिंबू लावू का, लोक बोलतात चांगलं असतं. तर हा त्या हालतीतसुद्धा माझ्यावर खेकसला, पाटी वाच! मी काय वाचतो? मान धरली आणि नळाखाली घातली. डोळा मिटून घेत होता, तर मी बोटांनी उघडा धरला. काय शिव्या दिल्या गं मला! अमरावतीत अशा शिव्या असतात, मला ठाऊक नव्हतं.” “मी मधून मधून विचारायचो, भाऊ, खातंय का अजून? तो बोलायचा, खाऊन राहिलं. की पुन्हा पाणी. पुन्हा विचारायचो. टेंपोत घातलं तेव्हा आमच्याच बाटल्यांतनं पाणी भरून घेतलं, रस्ताभर ओतत आलो. दवाखान्याच्या दारात बोलला, आता थांबलं वाटते.”

डॉक्टर बाहेर आले तेव्हा आई उठून उभी राहिली. ते म्हणाले, जखम आहे, पट्टी ठेवावी लागेल, नजरेचं आत्ताच सांगता येत नाही. पण इतकं धुतलं नसतं तर माझ्याकडे करण्यासारखं काही उरलंच नसतं. मग आत वळून त्यांनी बाबांना विचारलं, “तुम्हाला हे कुणी शिकवलं?” बाबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. ते म्हणाले, “जर्मन भाषेनं.”

पट्टीचे ते दिवस आमच्या घरात फार हलक्या पावलांनी गेले. आई स्टोव्हसुद्धा जपून पेटवी. डबे चालूच होते, पण तिखटाचा हात कमी झाला होता. विद्यार्थ्यांनी तक्रार केली नाही, उलट विचारलं, काकू, घरी कुणी आजारी आहे का? रशीदभाई रोज संध्याकाळी येत आणि बाबांच्या खाटेशी बसून कारखान्याच्या गोष्टी सांगत. त्यांच्या घरून शीरखुर्मा आला, तो आईनं बाबांना चमच्यानं भरवला, आणि भरवता भरवता माझ्याकडे पाहून म्हणाली, “हे बी तुया त्या शब्दातलंच नं? पक्षीण पिलाले भरवते ते?” मी मान हलवली.

पट्टी काढली तेव्हा आधी नुसता उजेड दिसला. मग धुकं. मग आठवड्यांमागून आठवडे गेले तसं धुकं विरत गेलं. डोळा पुढे पुष्कळ दिवस लाल राहिला, कडेला एक पांढरा ठिपका कायमचा राहिला, पण दिसत होतं. कारखान्यात चष्मे आले, टाकीला झाकण आलं. मी हे लिहिते आहे आणि मला त्या सगळ्यांची तोंडं दिसताहेत: डोळा उघडा धरणारे रशीदभाई, पाटी लावू देणारे मालक, ते डॉक्टर. कुणाकुणाचे म्हणून आभार मानायचे? शिवाय हजार वर्षांपूर्वीचा कुणी अनाम जर्मन गुराखी, ज्यानं गुरं चरायला सोडण्यासाठी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला असेल, त्याचेही मी मनातल्या मनात मानते.

बरं वाटल्यावर बाबा म्हणाले, बाईंकडे जाचं. आईनं बेसनाच्या पातोड्या केल्या, नवं लुगडं नेसली. बाई दारात आल्या तेव्हा एका हातानं चौकट चाचपत होत्या. त्या काही महिन्यांत त्यांची नजर बरीच गेली होती. बाबा वाकून पाया पडू लागले तशा त्या मागे सरल्या. “अहो, हे काय? शब्द जर्मनांचा, पाणी नगरपालिकेचं. माझं काय त्यात?” आईच म्हणाली, “बाई, तुमी पोरीले थांबवलं नसतं तं ते तीन अक्षरं तिनं गिळलीच असती.”

मग बाईंनी विचारलं, “कुठला डोळा?”

“डावा.”

“उजव्यावर हात ठेवा. खिडकीशी या. काय दिसतं?”

बाबांनी हात ठेवला. “समोरच्या गच्चीवर एक बाई पापड वाळू घालून राहिली.”

“पातळ कुठल्या रंगाचं?”

“जांभळं. नाई... वांग्यावानी.”

“जोश्यांची सून. पापड गोल आहेत?”

बाबांनी मान पुढे काढून निरखलं. “नाईत बाई.”

“मग तीच,” बाई म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या नव्हत्या, बाबांच्या आवाजाकडे तोंड करून बसल्या होत्या. बाबांनी सांगितलं, खाली एक माणूस स्कूटर तिरकी करून किक मारून राहिला. तारेवर दोन साळुंक्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्याची पाटी नवी रंगवली, हिरवी. बोळातून पोरींचा घोळका चालला, एकीच्या हातात छत्री, ऊन नसतानाही. बाबा थांबले की बाई म्हणत, “अहो, पुढे बघा.” आणि बाबा पुढे बघत.